विमानतळाच्या भिंतीलगतचं घर

"तुझ्या पोराला एक विचारशील का?" आपानं असं म्हटलं तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाऊजला अस्तर लावत होते. मशीन थांबवून मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या साडीला फॉल लावता लावता तिचा हात थांबला होता आणि सुई कापडात अर्धी जाऊन तशीच राहिली होती.

आपा म्हणजे माझी भागीदार. नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत आम्हा दोघींचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मी तीर्थपुरीची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन जालन्यात आले. नवरा बियाण्यांच्या एका कंपनीच्या गोदामात कामाला. मुलगा रांगत होता तेव्हा मी आपाच्या घरी शिलाई शिकायला जाऊ लागले. मी कात्री धरायला शिकले ती तिच्याकडे. पुढं तिचे मियाँ वारले आणि आम्ही दोघींनी मिळून दुकान टाकलं. ती वयानं मोठी, म्हणून गल्लीतले सगळे म्हणतात तशी मीही तिला आपाच म्हणते.

आपाची थोरली बहीण पाकिस्तानात आहे. निजामाचं राज्य गेलं तेव्हा त्यांचे एक चुलते तिकडे निघून गेले आणि सिंधमधल्या एका शहरात राहिले. पुष्कळ वर्षांनी त्यांच्याच मुलाला ही थोरली दिली. आपा तिला बाजी म्हणते, म्हणून मीही बाजीच म्हणते. व्हिसा मिळायचा त्या काळात बाजी जालन्याला येऊन राहायची. दिवसभर आमच्या दुकानात बसायची, हुक लावून द्यायची, जाताना ज्वारीचं पीठ आणि कारळाची चटणी बांधून न्यायची. तिचं घर तिथल्या लष्करी विमानतळाच्या भिंतीला लागून आहे. "विमान उठलं की आम्ही बोलणं थांबवतो, ते गेलं की राहिलेल्या शब्दापासून पुढं बोलतो," असं तिनंच सांगितलं होतं. इथं स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली तरी ती सवयीनं बोलता बोलता गप्प व्हायची. आम्ही हसायचो.

आणि माझा मुलगा हवाई दलात आहे. अधिकारी नाही. बारावीनंतर भरती झालेला. विमानांना बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं बसवणाऱ्या तुकडीत त्याचं काम. पश्चिमेकडच्या एका तळावर असतो, इतकंच सांगते.

त्या उन्हाळ्यात काश्मीरमध्ये पर्यटकांना गोळ्या घातल्याची बातमी आली तेव्हापासूनच काहीतरी होणार असं सगळे म्हणत होते. मग एका सकाळी आपल्या विमानांनी तिकडचे अतिरेक्यांचे अड्डे उडवल्याचं टीव्हीवर आलं. आमच्या शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं भिंतीवर मोठा टीव्ही. गल्लीतली माणसं तिथं उभी. त्याच दुपारी मुलाचा फोन आला. एरवी रविवारी निवांत बोलतो. त्या दिवशी आवाजात घाई होती.

"आई, आता फोन बंद राहील. किती दिवस ते म्हाईत न्हाई. काळजी करू नको. पप्पाला सांग."

"जेवलास का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"हो," म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आपानं तो प्रश्न काढला.

"काय विचारू?" मी म्हटलं.

"बाजीचा निरोप आला. तिथं लोकं बोलून राह्यले की आता विमानतळावर बॉम्ब पडणार. अर्धी वस्ती रिकामी झाली म्हणती. पर तिच्या सुनेला नववा महिना. दवाखाना घरापासून जवळ हाय. गावाकडं नातेवाईक हायेत, तिथं जागा हाय, पर डॉक्टर न्हाई, रस्ता खराब. तिचे मियाँ म्हणतात, उगंच कशाला हलायचं. बाजी म्हणती, नक्की असलं तर निघतो. नक्की आहे का, एवढंच."

मला आधी राग आला, आणि रागाच्या मागं लगेच भीती. आपली कातडी कुणी मागून ओढावी तसं झालं.

"आपा, मला त्यानं कधी एक शब्द सांगितला न्हाई. सांगणार पण न्हाई. आणि मी विचारणार न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"म्हाईत आहे तर मंग विचारलं कशाला?"

"बहीण हाय म्हणून," ती म्हणाली. बाकी काही नाही. सुई ओढून घेतली आणि टाके घालायला लागली.

जांब समर्थकडच्या एका घरचं लग्न होतं, रविवारी. नवरीचे ब्लाऊज, करवल्यांचे ब्लाऊज, फॉल-पिकोच्या साड्या, असं सगळं टेबलावर पडलेलं. मशीनचा आवाज चालू होता, पण मी एकच शिवण दोनदा उसवली. विमानतळाची भिंत मला दिसत होती. मी ती कधी पाहिली नव्हती, तरी दिसत होती. भिंतीच्या अलीकडे बाजी, आणि पलीकडे कुठंतरी वरून येणारं, माझ्या मुलाच्या हातानं बसवलेलं काहीतरी.

शेवटी मीच बोलले. "हे बघ, याला हवाई दलातलं पोरगं कशाला पाहिजे? लढाई सुरू झाली आणि माझं घर विमानतळाच्या भिंतीला असतं तर मी कुणाला विचारलंच नसतं. कधीच निघाले असते."

"तू निघाली असतीस," आपा म्हणाली. "तुझ्या घरात बाळंतपणाची बाई न्हाई."

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आपा, तिकडं फोन करायचा तर दुकानातून नको करू. माझ्या पोराची नोकरी आहे."

तिनं मान हलवली. साडी घडी करून ठेवली, फोन उचलला आणि बाहेर गेली. मे महिन्याचं ऊन होतं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभ्या असतात, त्यांच्या मागं भिंतीच्या थोड्याशा सावलीत उभी राहून ती बोलत होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. दुकानातून मला तिची पाठ दिसत होती. मी तिला बाहेर काढलं असं मला वाटलं, पण आत बोलावलंही नाही.

त्याच वेळी नवरीची मावशी माप द्यायला आली. तिनं रिक्षांजवळ आपाला पाहिलं होतं. "कुणाशी बोलून राह्यली ती? पाकिस्तान पाकिस्तान ऐकू आलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "आता सगळेच पाकिस्तान पाकिस्तान बोलतात." ती हसली, पण माप देताना दोनदा वळून बाहेर बघितलं.

पोलीस आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मावशीनंच कुणाला सांगितलं का आणखी कुणी, ते मला आजही माहीत नाही. कदाचित कुणीच नसेल सांगितलं. ज्यांचे नातेवाईक तिकडं आहेत अशांकडं त्या दिवसांत चौकशी होतच होती. साध्या कपड्यातला माणूस, चाळिशीचा, चप्पल बाहेर काढून आत आला. त्यानं ओळखपत्र दाखवलं. मी स्टूल पुढं केलं. तो बसला, पाणी मागितलं, प्यायला. बोलण्यात उर्मटपणा काहीच नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

"तुमची बहीण तिकडं असते?" त्यानं आपाला विचारलं.

"हो साहेब. लग्न होऊन गेली."

"कुठं?"

आपानं शहराचं नाव सांगितलं. त्यानं ते कागदावर लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. मग म्हणाला, "विमानतळाजवळ?"

"भिंतीलाच," आपा म्हणाली. लपवायचं तिच्या मनात आलंच नाही.

मग तो माझ्याकडं वळला. "आणि तुमचा मुलगा एअर फोर्समध्ये."

"हो."

"कुठं असतो?"

"ते मी सांगणार न्हाई, साहेब," मी म्हटलं. "तुम्हाला पण न्हाई."

तो म्हणाला, "बराबर आहे. सांगू नका." मग आपाकडं हात पुढं केला. "फोन दाखवता का? या दोन-चार दिवसांतलं बोलणं."

आपानं फोन दिला. त्यानं बाजीचा निरोप लावला. दुकानात बाजीचा आवाज आला, इतक्या वर्षांनी. थोडा घोगरा झालेला, पण तोच. "उसकू पूछ ना गे, उसका बच्चा तो उधरीच है. हमना जाना क्या, रहना? बहू की हालत तेरेकू मालूम है." मागं एक विमान उठत असावं, कारण ती मध्येच थांबली, नुसती घरघर ऐकू आली, आणि मग ती राहिलेल्या शब्दापासून पुढं बोलली.

मी टेबलाची कड धरून उभी होते. माझ्या मुलाचा उल्लेख त्या देशातून आलेल्या आवाजात, एका पोलिसासमोर. मला वाटलं, झालं. आता इथून पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही.

पोलिसानं आपाचं उत्तर लावलं. रिक्षांच्या मागं उभं राहून तिनं जे पाठवलं होतं ते. "बाजी, कोई कुछ नहीं बता सकता. उससे कुछ पूछा नहीं, पूछेंगे भी नहीं. पर वो बोलती है, उसका घर होता तो वो कब की निकल गई होती. तुम निकलो. बहू कू लेको निकलो."

शेजारचा टीव्ही तेवढा चालू होता.

"हे तुम्ही म्हणालात?" पोलिसानं मला विचारलं.

"हो."

"मुलाला विचारून?"

"न्हाई साहेब. त्याचा फोन बंद आहे. हे मी माझ्या डोक्यानं म्हटलं. कुणीही म्हणेल."

"कुणीही म्हणेल," तो म्हणाला, "पण ऐकणारा काय समजेल? एअर फोर्सवाल्याची आई म्हणती निघा, म्हणजे हिला काहीतरी ठाऊक आहे. असंच समजेल ना?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी आपाकडं बघितलं. तिच्या मनात आलं होतं का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मला आजही वाटतं की आलं असावं. बहिणीला हलवायला नुसती अक्कल पुरली नसती. माझं म्हणणं म्हणूनच तिनं वापरलं असावं.

त्यानं दोघींचे नंबर घेतले, बाजीचा नंबर घेतला. उठताना म्हणाला, "सध्या तिकडं फोन नको, मेसेज नको. तुमच्या दोघींच्या भल्यासाठी सांगतोय. आणि ताई, मुलाबद्दल कुणाशीच काही बोलू नका. कौतुकानं पण नको."

तो गेल्यावर आपा पाण्याचा ग्लास धुवायला मोरीवर गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं. तो ओरडणारा माणूस नाही. "तुला काय गरज होती?" एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पोराला बोलावून विचारतील आता. तुझ्या आईच्या दुकानात कोण असतं, विचारतील. उद्यापासून जाऊ नको दुकानात."

"रविवारी लग्न आहे त्यांचं. ब्लाऊज व्हायचे आहेत."

"ब्लाऊज," तो म्हणाला. तो शब्द त्यानं असा उच्चारला की मला माझीच लाज वाटली. पण सकाळी मी गेले. घरात बसून टीव्ही बघणं मला झेपलं नसतं.

त्या सकाळी गल्लीत शिरले तर मोबाईलच्या दुकानासमोर एवढी गर्दी की वाट काढावी लागली. आपल्या विमानांनी पहाटे त्यांचे विमानतळ ठोकले होते. एक नाही, बरेच. पडद्यावर नावं सरकत होती. मी उभी राहिले. तिसरं की चौथं नाव बाजीच्या शहराचं होतं. मी ते वाचलं, आणि ते सरकून गेलं, आणि परत फिरून आलं. त्यांच्या खाली लाल पट्टीत दुसरी बातमी होती: त्यांनीही आपल्या तळांवर हल्ले केल्याचा दावा. त्या यादीत माझ्या मुलाच्या तळाचं नाव होतं. निवेदक म्हणत होता की दावा खोटा आहे. पण तो आदल्या दिवशी जे खरं म्हणून सांगत होता ते संध्याकाळी खोटं निघालं होतं, मग आता मी कशावर विश्वास ठेवायचा.

आपा माझ्या आधीच आली होती. मशीनवर बसली होती, पाठ दाराकडं. मी आत गेले तरी वळली नाही.

"पाहिलंस का?" मी विचारलं.

"पाहिलं."

"बाजीचं?"

"मेसेज नको म्हणाला ना तो. तरी केला पहाटं. एकच टिक हाय." मग तिनं विचारलं, "पोराचं?"

"बंद."

आम्ही कामाला लागलो. दुसरं काय करणार. तिनं काज केली, मी हुक लावले. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी खरं सांगते. मला अभिमान वाटत होता. बाहेर माणसं टाळ्या वाजवत होती आणि त्यातल्या थोड्या टाळ्या माझ्या मुलाच्या हातांसाठी होत्या, हे मला ठाऊक होतं. तोंडात बोटं घालून मी शिट्टी वाजवणारी नाही, पण छाती भरून आली होती. त्याच छातीत तो जिवंत आहे का ही धडकी होती. आणि माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर आपा बसली होती, तिचा पाय मशीनच्या पायट्यावर खालीवर होत होता. तिन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या. एकीनं दुसरीला बाजूला सारलं असं झालं नाही.

मोबाईलवाला पेढे वाटत आला. त्याला बाजीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. "काकू, तुमचा पहिला मान," म्हणत त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला. मग आपापुढं डबा धरला. आपानं एक उचलला. "शुक्रिया बेटा," म्हणाली. खाल्लासुद्धा. मला मात्र तो गिळेना. मी तो खडूच्या डबीशेजारी ठेवला आणि संध्याकाळी मुंग्या लागल्या तेव्हा टाकून दिला.

दुपारी नवरीची आई आणि मावशी ब्लाऊज न्यायला आल्या. आईनं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या पोरानं दाखवून दिलं, ताई," ती म्हणाली. मावशी आपाकडं बघत नव्हती. ब्लाऊज घालून बघितले, एकाची बाही घट्ट होती, ती आपानं तिथंच उसवून सैल केली. मावशी ती शिवण बघत उभी होती. निघताना तिनं आपाला विचारलं, "तुमची बहीण बरी आहे ना?" आवाजात खोच नव्हती. आपा म्हणाली, "कळलं न्हाई अजून." मावशी पिशव्या उचलून निघून गेली.

संध्याकाळी लढाई थांबल्याचं टीव्हीवर आलं. आम्ही दुकान बंद करतच होतो. शटर अर्ध्यावर असताना माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आई, मी."

मी खाली, पायरीवर बसले.

"बरा आहे. सगळे बरे आहोत. दुसऱ्याच्या फोनवरून करतोय. पप्पाला सांग."

"लागलं न्हाई ना कुठं?"

"न्हाई. झोप न्हाई झाली, बस. आता झोपतो."

मी त्याला काही विचारलं नाही. पोलिसाचं सांगितलं नाही. तो म्हणाला, "रडू नको." मी रडत नव्हते, पण त्यानं म्हटल्यावर रडायला लागले. फोन ठेवला तेव्हा आपा माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अल्लाहचं लाख लाख शुक्र," म्हणाली. तिचा स्वतःचा फोन तिच्या दुसऱ्या हातात होता आणि तिनं तो माझ्यासमोर पाहिला नाही.

पुढचे दिवस तिचा फोन गप्पच होता. मी रोज तिच्या तोंडाकडं बघायची. ती कामावर येत होती, मापं घेत होती, गिऱ्हाइकांशी हसत होती. मग एका दुपारी ती म्हणाली, "बाजीशी बोलणं झालं काल."

मी कात्री खाली ठेवली.

"घर उभं हाय. बॉम्ब आत पडले, विमानं ठेवायच्या जागेवर. भिंतीच्या अलीकडं काही न्हाई. काचा फुटल्या सगळ्या. बाजीचे मियाँ तिथंच थांबले होते, त्यांच्या कानात आवाज बसला, बरं होईल म्हणून राह्यले डॉक्टर."

"आणि बाजी? सून?"

"त्या गेल्त्या गावाकडं. माझा निरोप मिळाला त्याच संध्याकाळी." ती सुईत दोरा ओवत होती. ओवला नाही, परत ओलावला. "रस्त्यातच कळा सुरू झाल्या. गावात पोचल्या, पर डॉक्टर न्हाई. दाई होती. दवाखान्यात परत न्यायला त्या दिवशी कुणी गाडी काढायला तयार न्हाई. पोरगा झाला. रडला न्हाई."

मला समजलं, तरी मी विचारलं, "म्हणजे?"

"रडलाच न्हाई," ती म्हणाली.

गल्लीतून एक मोटारसायकल गेली. मी म्हटलं, "मी म्हटलं नसतं तर..."

"तू मला म्हटलं. तिकडं पाठवलं मी." तिचा आवाज एकदम कडक झाला होता. "आणि राहिली असती आणि बॉम्ब अलीकडं पडला असता तर? मंग? तसं बी कोण सांगतं, दवाखान्यात वाचला असता की न्हाई. बाजी म्हणती, अल्लाहची अमानत होती. मी पण तेच म्हणते. तू आता यावर बोलू नको."

त्यानंतर किती तरी दिवस आम्ही दोघी फक्त कामापुरतं बोलायचो. राग नव्हता. बोलायला तोंड उघडलं की तेच येईल, म्हणून उघडायचं नाही, असं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पोराला सांगू नको."

पावसाळा संपता संपता मुलगा सुट्टीवर आला. बारीक झाला होता. पहिल्या दिवशी जेवून तो झोपला तो दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर उठला. त्याच्या तिथं चौकशी झाली का, हे मी भीत भीत विचारलं. तो म्हणाला, "विचारलं होतं एकदा, घरी कुणाकुणाशी बोलणं असतं म्हणून. सगळ्यांनाच विचारतात." त्यानं ते सहज म्हटलं. माझ्या मनावरचा एक दगड तिथं उतरला.

दुपारी भाकरी खाता खाता तो थांबला. "आई, आपाची बहीण त्याच गावात ना?"

"कोणत्या?"

त्यानं नाव घेतलं. "आम्हाला कोण सांगतं विमान कुठं चाललं ते. आम्ही लावायचं काम करतो. सकाळी टीव्हीवर नाव दिसलं, तेव्हा आठवलं. लहानपणी ऐकलं होतं, विमानतळाच्या भिंतीला घर म्हणून." तो भाकरीचा तुकडा नुसताच मोडत होता. "तेव्हापासून विचारीन विचारीन म्हणतोय. फोनवर विचारता येत न्हाई."

मी म्हटलं, "आपा संध्याकाळी येणार आहे तुला बघायला. तिलाच विचार." माझ्याकडून उत्तर निघेना, म्हणून मी ते तिच्यावर ढकललं.

आपा आली. त्याच्यासाठी शेवयांची खीर आणली होती. त्यानं वाकून नमस्कार केला, तिनं त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. इकडचं तिकडचं झालं. तुला किती दिवस सुट्टी, तिकडं जेवण कसं मिळतं. मग त्यानं विचारलं, "आपा, बाजी कशा आहेत?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नवरा बाहेरच्या खुर्चीवर होता, त्यानं पेपर खाली केला.

"बऱ्या हायेत," आपा म्हणाली.

"त्या दिवशी घरीच होत्या?"

"न्हाई, गावाकडं गेल्त्या. घराच्या काचा फुटल्या तेवढ्या."

"काचाच?"

"काचाच. आता बसवल्या नव्या."

"घरातले सगळे..."

"सगळे बरे हायेत, बेटा," ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "तू खीर खा. थंड झाली की मजा न्हाई."

त्यानं वाटी उचलली. इतक्या महिन्यांत त्याचे खांदे कुठं अडकले होते ते मला तेव्हा कळलं, कारण ते खाली आले. तो खीर खायला लागला. आणखी मागितली.

मी आपाला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. रिक्षा मिळेपर्यंत उभ्या होतो. मी म्हटलं, "त्याला का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "त्यानं बॉम्ब टाकला का त्या पोरावर? त्याचं बराबर पडलं, जिथं पडायचं तिथं. त्याला उद्या परत त्याच कामावर जायचंय. हात थरथरला तर कुणाचं भलं होणार हाय?"

"आणि तुला?"

"मला काय?" तिनं रिक्षाला हात केला. बसताना म्हणाली, "उद्या जल्दी ये. त्या मास्तरणीचा ड्रेस द्यायचाय."

मी घरी परतले तेव्हा तो वडिलांशी क्रिकेटबद्दल बोलत होता. मी त्याला काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सुट्टी संपल्यावर त्याला गाडीत बसवून दिलं आणि तिथूनच मी दुकानात गेले.

आता फोन चालू आहेत. बाजी कधी कधी आपाच्या फोनवरून माझ्याशीही बोलते. गुडघे, पाऊस, कांद्याचा भाव, तिथल्या टेलरनं बिघडवलेला कुर्ता. सून कशी आहे असं मी एकदा विचारलं. "ठीक है, काम में लगेली है," बाजी म्हणाली, आणि लगेच, "तेरा बच्चा कैसा है?" मी म्हटलं, बरा आहे. तिकडं विमानाचा आवाज आला. ती थांबली. मी फोन कानाला लावून, तो आवाज जाईपर्यंत थांबले.